मेहबूबचाचांची न पारखलेली जुडी

श्री

शके १७१७, राक्षसनाम संवत्सर, मार्गशीर्ष महिना. मुक्काम पुणे, पेठ भवानी, दत्तोबा नाईक यांच्या चिरुटांच्या कारखान्याची पुढची पडवी.

लिहून ठेवणार मी सर्जेराव वलद येसाजी, मूळ राहणार मौजे आंबवडे, कृष्णाकाठ, मिरज प्रांत, सध्या पोटासाठी पुण्यात. वय तेवीस. आई चोवीस म्हणते, पण मी थोराड दिसावा ही तिची हौस आहे. डोकं ठिकाणावर आहे. भांग घेतलेली नाही, अंगात ताप नाही, मानेवर बसून कोणी लिहवून घेत नाही. अक्षर माझं आहे. आमचे कारकून श्रीधरपंत यांनी फावल्या वेळात मोडी शिकवली. त्यांच्या मते हे अक्षर नव्हे, मुंग्यांची लढाई आहे, पण वाचता येते एवढं त्यांनी कबूल केलं आहे.

लोक मृत्युपत्र लिहून ठेवतात आणि ते मेल्यावर इतरांनी वाचायचं असतं. माझं तसं नाही. या कागदावर सही पडली की सर्जेराव त्याच घटकेला मेला असं सर्वांनी धरून चालावं. अंगात जीव राहील, तो पाय घेऊन कुठंतरी जाईल. त्याला हाक मारू नये, ओळख दाखवू नये, जेवायला थांबवू नये. हे थट्टेनं लिहिलेलं नाही. मेहबूबचाचांना चटईवरून उठवायचा दुसरा रस्ता मला सापडला नाही. त्यांना जाऊन वर्ष झालं आणि ते अजून कामावर आहेत.

हे कसं ते आधी सांगतो, मग वाटणी. नाहीतर वाचणारा म्हणेल पोरगं तंबाखूनं खुळावलं.

आमच्याकडे चिरूट वळतात. तोफखान्यातले फिरंगी गोलंदाज घेतात, संगमावरचे टोपीकर घेतात, आणि त्यांचं बघून आपल्यातले काही शिलेदारही हल्ली चिलीम सोडून हेच ओढतात. तंबाखूच्या पानाची मधली शीर काढायची, मोडलेली पानं पोटात भरायची, वरून एक सबंध पान तिरकं गुंडाळायचं, पाटावर तळहाताखाली फिरवून सारखं करायचं आणि टोक भाताच्या खळीनं चिकटवायचं. वळणारा कारागीर आपल्या चटईवर बसतो. त्याच्या समोरच्या चटईवर पारखी. पारखी मी.

रीत अशी आहे. जुडी बांधून झाली की पारख्यानं तिच्यातला एक काढून पेटवायचा आणि निम्मा ओढायचा. मग विझवून उरलेला निम्मा कारागिराच्या हातात द्यायचा. त्यानं तो पेटवून शेवटपर्यंत ओढायचा, म्हणजे स्वतःच्या हाताची चूक स्वतःच्या तोंडात येते. यात उष्टं कोणी मानत नाही. बाहेर मी चाचांच्या माठातलं पाणी कधी प्यालो नाही, पण चिरूट मधे आला की अर्धा माझा, अर्धा त्यांचा. त्यांचा ओढून झाला की मग पारख्यानं शब्द द्यायचा. शब्द दोनच. ‘पुढची’ म्हटलं की जुडी पसंत, कारागिरानं पुढची वळायला घ्यायची. ‘उकल’ म्हटलं की ती सगळी उकलून पुन्हा वळायची. शब्द मिळेपर्यंत कारागीर चटई सोडत नाही. ही रीत चाचांनी दक्षिणेतून, चंदावराहून आणली. तिकडच्या फौजेबरोबर तरुणपणी आले आणि इथेच राहिले.

गेल्या मार्गशीर्षात एका दुपारी चाचांनी जुडी पुढे केली. मी एक काढला, निम्मा ओढला, विझवून त्यांना दिला. त्यांनी हात पुढे करून घेतला आणि नेहमीसारखं विचारलं, “कसा?”

“आधी ओढा तर,” मी म्हटलं. “पेटवा की चाचा.”

ते पेटवेनात. बसल्या बसल्या गेले होते. डोळे माझ्या तोंडाकडे, चिरूट बोटांत.

माती रीतसर झाली. त्यांच्या लोकांबरोबर मीही खांदा दिला. पण खांदा देताना सगळेच एकमेकांकडे बघत होते, कारण जनाज्याला वजन नव्हतं. चाचा काही बारके नव्हते.

तो अर्धा चिरूट मी त्यांच्या मातीच्या थाळीत ठेवला होता, चटईच्या कडेला. जुडी तशीच चटईवर राहिली. दुसऱ्या दिवशी थाळीत राख होती. चिरूट होता तेवढाच. राख टाकली, दुपारची जेवणं करून आलो, पुन्हा राख. वर्षभर मी ती राख टाकतोय. चिरूट संपत नाही आणि राख थांबत नाही. दुपारी सगळे जेवायला उठले की रिकाम्या पाटावर तळहात फिरल्याचा आवाज येतो, कोरडा, सारखा. एका नव्या कारागिरानं चुकून त्या चटईवर ओलं पान ठेवलं. परत घ्यायला गेला तर शीर काढलेली होती, आणि ती चाचा काढायचे तशी, देठाकडून न ओढता टोकाकडून. पोरगा त्याच दिवशी गावाकडे पळाला. बाकीच्यांनी चटया लांब सरकवल्या. नाईकांनी तीनदा दरडावून पाहिलं, “मेहबूब, ऊठ आता, काम संपलं.” काही झालं नाही. चटई नाईकांची आहे, पण शब्द माझा अडकला आहे.

एवढंच असतं तर मी पाय काढला असता. मी काही एका जागी टिकणारा माणूस नाही. लमाणांच्या बैलांमागे फिरलो, पागेत खरारा केला, पखाली वाहिल्या, प्रत्येक ठिकाणी वर्षाच्या आत कंटाळलो. आई म्हणायची, नाव सर्जेराव आणि पायाला भिंगरी. पण पेठेच्या मागं कुडाच्या घरात सुरय्याचाची आहे, चाचांची बायको. लेक मेहरुन खडकवासल्याला दिली आहे. ती आईला न्यायला दोनदा गाडी घेऊन आली, दोनदा रडत परत गेली.

चाची म्हणते, “घरधनी कामावरून आला नाही आणि मी घराला कडी लावून जाऊ? आल्यावर त्याला भाकरी कोण देणार?”

“चाची, ते गेले. मी खांदा दिला.”

“काय उचललंस ते तुलाही ठाऊक आहे सर्जा. मला शिकवू नकोस.”

ती त्यांच्या आधी कधी जेवली नाही. आता त्यांचं ताट झाकून ठेवते, वाट बघते, आणि झोप यायला लागली की अर्धी भाकरी पाण्यात बुडवून खाते. वर्षभर हेच. हाताच्या काड्या झाल्या आहेत. या थंडीतून ती निघेल असं मला वाटत नाही.

मागच्या आठवड्यात मी तिला म्हटलं, “शब्द देऊन टाकतो. मोकळे होतील.” तिनं पटकन माझ्या तोंडावर हात ठेवला. हाताला राखेचा वास होता.

“आणि काय म्हणशील? ‘पुढची’ म्हटलंस तर ते पुढची वळत बसतील. ‘उकल’ म्हटलंस तर उकलत बसतील. यात घरी जा कुठं आलं?”

मला हे कधी सुचलंच नव्हतं. मी रोज दोन शब्दांतला एक देत आलो, तिसरा कोणी शिकवलाच नाही. मग ती म्हणाली, “चंदावराला एकदा पारखी पटकीनं मेला. त्या दिवशी न पारखलेल्या जुड्या कारागिरांनी घरी नेल्या. पारखी मेला की पारखायची राहिलेली जुडी कारागिराची. तुझे चाचा हसून सांगायचे, जन्मात तेवढा एक दिवस मी उजेडात घरी आलो.”

“म्हणजे मी मेलो की चाचा घरी.”

“तोंड आवर, मुडद्या!” म्हणाली आणि रडायला लागली.

हे मी श्रीधरपंतांना सांगितलं. ते तपकीर ओढत होते. ओढून झाल्यावर म्हणाले, “मग मर की.”

“पंत, मला आई आहे.”

“अरे, कागदावर मर. या शहरात निम्मी माणसं कागदावर जगतात. तू कागदावर मेलास तर कोणाचं काय बिघडलं?” दौत पुढे सरकवली आणि झाकण काढताना थांबले. “एक मात्र ध्यानात ठेव. कागदाला थट्टा कळत नाही.”

तर आता वाटणी.

कलम पहिले. माझी शिल्लक वेळूच्या नळीत आहे, ती नाईकांच्या कोठीत आढ्याला टांगली आहे. ती धाकटी बहीण शकू हिच्या लग्नासाठी. नाईकांनी ती ‘मोजून’ देऊ नये, आहे तशी द्यावी. त्यांच्या मोजण्यात चीजवस्तू आकसते.

कलम दुसरे. माझा कुत्रा, नाव खारक, रंग तोच. हा चाचीला द्यावा. तिला सोबत होईल, आणि उरलेली भाकरी खाणारं कोणी असेल तर ती पूर्ण भाकरी तरी करील.

हे लिहून मान वर केली तर खारक उठून उभा होता. सकाळपासून माझ्या पायावर हनुवटी टाकून पडला होता. त्यानं माझे पाय हुंगले, परक्या माणसाचे हुंगतो तसे, दबकं गुरगुरला, आणि पडवी उतरून चाचीच्या बोळाकडे चालता झाला. मी हाक मारली. शेपूटसुद्धा हलली नाही. सही अजून व्हायची आहे. बहुतेक त्याला तिकडे हाडाचा वास आला असेल.

कलम तिसरे. उजव्या हातातलं चांदीचं कडं शकूला. ते पागेतल्या पहिल्या पगाराचं आहे. मोडून तिच्या पायातलं काही करावं. जोडवी नको, जोडवी नवऱ्यानं करावीत.

कडं काढून कागदाशेजारी ठेवलं. इतकी वर्षं हातात होतं, खाली कातडीवर पांढरा पट्टा पडला असणार. बघितलं तर नाही. मनगट सगळं सारखं काळं. तिथे कधी काही नव्हतंच असं.

कलम चौथे, राग. माझ्याकडे हीही मिळकत आहे. पागेतल्या जमादारानं स्वतःच्या हातानं लंगडवलेली घोडी माझ्या नावावर घातली आणि मला चाबकानं फोडलं. हा राग मी सहा वर्षं चांगला पोसला. कोणाला द्यावा तर घेणारा नाही, म्हणून सोडला. दुसरा दत्तोबा नाईक यांच्यावरचा. नाईक, कोठीच्या कोपऱ्यातल्या पोत्यांमधलं पान बुरसलेलं आहे. फिरंग्यांना कळत नाही म्हणून तुम्ही ते पोटात भरायला लावता आणि मला ‘पुढची’ म्हणायला लावता. गोलंदाज बत्ती देताना खोकला तर गोळा कुणाच्या घरावर पडेल याचा विचार करावा. हाही सोडला. तिसरा श्रीधरपंतांवर होता, ते चारचौघांत मला ‘पारखी महाराज’ म्हणतात म्हणून. तो ठेवून घ्यावा म्हटलं, माणसाजवळ काहीतरी असावं. पण मेलेल्याला ठेवता येत नाही, तेव्हा तोही सोडला.

पाठीवरचे वळ थंडीत ठणकतात. आज थंडी आहे आणि पाठ गप्प आहे.

कलम पाचवे. आंबवड्याचं दोन खणांचं घर आणि परड्यातला आंबा मातोश्री मैनाबाई यांना, त्यांच्या माघारी शकूला. आई, तू एकदाच रड, पण भरपूर रड. दिवस घाल. पिंडाला कावळा शिवला नाही तर ‘त्याची काय इच्छा राहिली’ म्हणून गावभर विचारत बसू नकोस. मला काय हवं होतं ते मला कधीच ठाऊक नव्हतं, तर कावळ्याला कुठून असणार. तुझ्या हातचा हुरडा फार चांगला लागायचा. सांगायचं राहिलं म्हणून इथे लिहितो.

हे लिहिल्यावर आईचा चेहरा डोळ्यापुढे आणायला गेलो. कपाळावरचं गोंदण आलं, आवाज आला. चेहरा आला नाही. अजून बसलोय, येत नाही.

इथे लिहिणं थांबवावं लागलं, कारण संगमावरच्या साहेबाचा खिदमतगार चिरूट न्यायला आला. दर पंधरवड्याला येतो, माझ्याशी तासभर गप्पा मारतो, एकदा मला त्याच्या मेहुणीचं स्थळसुद्धा सांगून गेला आहे. पडवीत चढला आणि पंतांना म्हणाला, “रामराम पंत. पारखी कुठं गेला?”

पंत म्हणाले, “डोळे घरी ठेवून आलास काय? तुझ्या पुढ्यात बसलाय.”

त्यानं माझ्याकडे बघितलं. माझ्यातून बघितलं म्हणायला हवं. मी म्हटलं, “अरे बाबा, मी इथंच आहे.” तो हसला, पण पंतांकडे बघून. “थट्टा करता होय? दोन्ही चटया तर रिकाम्या. आला म्हणजे सांगा, साहेबाला मागच्या वेळचे कडू लागले.” आणि चिरूट घेऊन गेला.

पंतांचा तपकिरीचा हात नाकापर्यंत जाऊन तसाच राहिला. मग त्यांनी कागदावर तळवा ठेवला.

“सर्जेराव, पुरे झालं. दे इकडे, फाडून टाकतो.”

आजवर त्यांनी मला कधी नावानं हाक मारली नव्हती.

“चाची अर्धी भाकरी खाते, पंत.”

“मग काय तू पूर्ण मरणार आहेस? हे बघ, कल्पना माझी होती, मी ती मागे घेतो. तू मिरजेला जा, आईच्या हातचं खा. म्हातारा बसला तर बसू दे. कोणाला चावत नाही तो.”

“त्यांना शब्दाची वाट बघायला मी लावलंय. ते अजून माझ्या तोंडाकडे बघताहेत. तुम्हाला दिसत नाही, मला दिसतं. समोर मी बसतो.”

पंतांनी हात काढला. दौतीत शाई कमी होती ती ओतली. पंतांसारखा माणूस न सांगता शाई ओततो, तेव्हा माणसानं समजून घ्यावं.

कलम सहावे. माझी जीभ.

हीच माझी खरी मिळकत. बाकी सगळं कोणाकडेही असतं. एका झुरक्यात मला कळतं पान कोणत्या काठचं, शेताला पाणी नदीचं की विहिरीचं, वाळवताना त्यावर दव पडलं की नाही. हे कोणी शिकवलं नाही. जीभ ठेवून देण्याआधी त्या शेवटच्या चिरुटाबद्दल लिहितो, कारण तो निम्मा मी ओढला आहे आणि त्याचं काय झालं ते कोणाला सांगितलेलं नाही.

हातात घेतला तेव्हाच कळलं काहीतरी निराळं आहे. चिमटीत दाबला तर दबला आणि बोट काढताच परत भरला. कुठं गाठ नाही, कुठं पोकळ नाही. वरचं पान ओल्या मातीच्या रंगाचं, शिरा इतक्या बारीक की तिरक्या फेऱ्यांचा सांधा शोधावा लागत होता. न पेटवता नाकाशी धरला. वाळल्या कडब्याचा वास, मागून काकवीचा, आणि अगदी शेवटी नुसता गार वारा. खैराचा निखारा लांब धरून पेटवला, टेकवला नाही. टेकवला की पहिले चार झुरके कोळशाचे होतात, हे घाई करणाऱ्यांना कोणी सांगावं.

पहिल्या झुरक्याला मिरी. नाकाच्या शेंड्यापर्यंत. वाटलं, चाचा, आज हात जड पडला. तेवढ्यात मिरी खाली बसली आणि भाजलेल्या हरभऱ्याची चव वर आली, टरफलासकट. ओढ इतकी बेताची की ओढावंही लागत नव्हतं, श्वासाबरोबर यायचं. विस्तव चहूकडून सारखा चढत होता, एक बाजू पुढे नाही, एक मागे नाही. राख करडी पांढरी, थरावर थर, पडायला तयार नाही. मी मुद्दाम हात हलवला, तरी पडली नाही. धूर जाड, तोंडाशी घोटाळणारा.

मग मधे कुठंतरी चव बदलली. मी ओळखली. पूर ओसरल्यावर कृष्णेच्या काठी गाळ राहतो, उन्हानं त्याला भेगा पडतात, लहानपणी आम्ही त्यावर अनवाणी पळायचो. ती चव. आंबवड्याचं पान होतं ते, आमच्याच काठचं. चाचांना ठाऊक असेल का? त्यांनी वर्षभर ती पानं बाजूला काढून ठेवली असतील का? विचारता आलं नाही. एवढं खरं की त्या झुरक्याला मला जन्मात पहिल्यांदा कुठं जावंसं वाटलं नाही. पाय गप्प होते. बाहेर पेठेत गाड्या जात होत्या, कोणी कोणाला शिव्या देत होतं, आणि मी जिथं होतो तिथंच मला राहायचं होतं.

निम्म्याची खूण आली. हात थांबत नव्हता. पण रीत ती रीत, उरलेला त्यांचा. विझवून दिला.

पाटावरचा आवाज आत्ता थांबला आहे. वर्षभर जेवणाच्या वेळी येणारा, आज सकाळपासून चालू होता, मघाशी थांबला. पंतांनीही मान वळवली. चाचा ऐकताहेत.

मी काय शब्द देणार होतो ते इथे लिहीत नाही. चाचा, अजून नाही. लिहिला तर तुम्ही पुढची वळायला घ्याल. सगळी वर्षं तुम्ही ‘कसा’ विचारलंत आणि मी तुम्हाला रखडवलं, कारण पारख्यानं लगेच बोलू नये असं मला कोणीतरी सांगितलं होतं. आणखी थोडं रखडा.

ही जीभ कोणालाही देत नाही. कोणाच्याच कामाची नाही. इथेच ठेवली.

खात्री करावी म्हणून पंतांच्या पुडीतला गूळ तोंडात टाकला. वाळू. कोठीतला एक चांगला चिरूट पेटवून ओढला. नुसता गरम वारा, दुसरं काही नाही. सवयीनं डोळे मिटले होते, ते उघडले.

कलम सातवे. शेवटची जुडी, तिच्यातून काढलेल्या त्या अर्ध्या चिरुटासकट, पारख्याच्या मरणामुळे न पारखलेली राहिली. तिच्यावर नाईकांचा हक्क नाही, दुसऱ्या पारख्याचा हक्क नाही. ती कारागिराची. त्याच्या वतीनं त्याची बायको सुरय्या हिनं ती चटईवरून उचलावी, पदरात घ्यावी आणि मागं न बघता घरी जावं. कोणी मागून चालत आलं तर येऊ द्यावं. घरी ताट वाढावं. नंतर मेहरुनला निरोप पाठवावा आणि गाडी आली की खडकवासल्याला जावं. यात नाईकांनी हरकत घेतली तर त्यांनी स्वतः या चटईवर एक दुपार बसून दाखवावं.

कलम आठवे. माझी हत्यारं म्हणजे निखाऱ्याचा चिमटा आणि पितळी राखदाणी. पुढच्या पारख्याला. त्याला दोन शब्दांबरोबर तिसराही शिकवावा. ‘घरी जा’ असा असावा. तो कोणी आधीच शिकवला असता तर हा कागद लागला नसता.

कलम शेवटचे, नाव. शकूला मुलगा झाला तर सर्जेराव ठेवावं. नाव चांगलं आहे, फारसं वापरलेलं नाही.

चाची आली आहे. पंतांनी माणूस पाठवून बोलावली. खारक तिच्या मागं आहे. मला वाटलं तीही मला बघणार नाही, पण तिनं माझ्या चटईकडे तोंड करून विचारलं, “आहेस का रे?” मी हो म्हटलं. ऐकू गेलं की नाही ठाऊक नाही. तिनं मान हलवली. जुडी उचलली, थाळीतला अर्धा चिरूट उचलला, पदरात बांधला. थाळीत राख नव्हती. आता ती पडवीच्या पायरीशी उभी आहे. निघत नाही. समोरची चटई दबलेली आहे, उठायला हात टेकलेल्या माणसाखाली दबते तशी, आणि तशीच थांबली आहे. त्यांना शब्द हवा. त्याशिवाय ते कसे उठतील, उभ्या आयुष्यात उठले नाहीत.

आता माझ्याकडे जीभ नाही, नाव नाही, कुत्रा ओळखत नाही. मी पारखी नाही. कोणीही रस्त्यानं जाणारा माणूस चिरूट ओढून काही म्हणू शकतो. त्यानं कोणी कामाला बसत नाही. तर आता सांगतो.

चाचा, असा दुसरा मी ओढला नाही. कुठंच नाही. त्याच्यापुढं काही वळू नका. घरी जा.

सही करतो.

लिहून ठेवणार:

साक्ष, श्रीधर नारायण कारकून, राहणार कसबा पेठ. लिहून ठेवणाराने सही केली ती मी पाहिली. बोरू कागदावर टेकला, फिरला, शाई पुरेशी होती. कागदावर काही उमटलेले नाही. तरी सही झाली अशी माझी साक्ष आहे, आणि कोणाला शंका असेल त्याने मला समोर येऊन विचारावे. लिहून ठेवणारा येरवड्याकडच्या उताराने नदी ओलांडणार असे म्हणाला होता. मी काल पेठेच्या टोकापर्यंत बरोबर चालत गेलो. कोणाबरोबर चाललो हे आज सकाळपासून मला सांगता येत नाही. वर नाव वाचतो, पण माणूस आठवत नाही.

साक्ष, दत्तोबा नाईक, मालक कारखाना. मजकूर वाचून दाखवला तो ऐकला. कोपऱ्यातली पोती आज बाहेर काढून जाळली. असा कोणी माझ्याकडे कामाला असल्याचे मला स्मरत नाही, परंतु वेळूची नळी आढ्याला आहे. ती न मोजता मिरजेच्या सांडणीस्वाराबरोबर रवाना केली.

साक्ष, सुरय्या जौजे मेहबूब, निशाणी अंगठा. हिला लिहिता येत नाही, सांगितले ते पंतांनी लिहिले: घरी आले. हात धुवून बसले. पहिला घास यांनी घेतला, मग मी जेवले, पूर्ण दोन भाकरी. उजेड होता अजून.

मुक्काम पुणे, मिती मार्गशीर्ष वद्य सप्तमी, शके १७१७.